शिडी आणि सतरंजी

द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी बाईंकडे आणि तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे, अशी जिल्हा परिषदेत वर्षानुवर्षांची वहिवाट आहे. मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेले की चारही वर्ग एका सतरंजीवर येतात. नव्वदच्या दशकात मी ज्या वाडीवरच्या शाळेत रुजू झाले, तिथे आठवड्यातले दोन दिवस तरी असेच जात. पटावर एकतीस मुले. फळ्यावर खडूने तीन उभ्या रेघा ओढून चार रकाने करायचे. चौथीला भागाकार टाकायचे, तिसरीला शुद्धलेखन, दुसरीला पाढे, आणि मग खाली बसून पहिलीतल्या एकेकाचा हात धरून 'ग' गिरवायचा. 'ग'ची काठी ओढून होते न होते तोच चौथीतून हाक यायची, "बाई, झालं!" झालेले नसायचेच. शेजारच्याचे उत्तर उतरवून झालेले असायचे.

आमचे गुरुजी मुरलेले. ते म्हणायचे, "बाई, चार वर्ग शिकवायचे नसतात, गप्प ठेवायचे असतात. त्यातून वेळ उरला तर शिकवायचं." हे ते वैतागून म्हणत नसत, एखादी जुनी युक्ती सांगावी तसे सांगत. प्रशिक्षणात याच प्रकाराला 'जोडवर्ग अध्यापन' असे भारदस्त नाव होते. एका वर्गाला प्रत्यक्ष अध्यापन, दुसऱ्याला स्वाध्याय. वीस मिनिटांनी अदलाबदल. टाचणवहीत हे फार सुरेख दिसते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, कर्नाटकाच्या सीमेवर नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीकडून मला एका शिडीबद्दल कळले. ती शिडी कुठून आली याचा माग काढत गेले, तेव्हा पोहोचले आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या एका खोऱ्यात. त्या खोऱ्यातल्या संस्थेची ही वाटचाल आहे. तीत आमच्यासारख्या शाळांची गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे हरवते, हे मला सांगायचे आहे.

मदनपल्ली आज टोमॅटोच्या मोठ्या बाजारासाठी ओळखली जाते. जे. कृष्णमूर्ती यांचा जन्म इथला, १८९५ चा. रवींद्रनाथांनी 'जन गण मन'चे इंग्रजी रूपांतर १९१९ मध्ये इथल्याच थिऑसॉफिकल कॉलेजात मुक्कामी असताना केले. गावापासून काही मैलांवर ऋषिकोंडा नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी कृष्णमूर्तींच्या प्रेरणेने जी निवासी शाळा उभी राहिली, ती म्हणजे ऋषी व्हॅली. झाडे, पक्षी, संगीत, छोटे वर्ग, परीक्षेचे दडपण नाही. देशभरातली सुशिक्षित, बऱ्यापैकी सुस्थितीतली कुटुंबे आपली मुले तिथे पाठवतात.

आणि कुंपणाबाहेर रायलसीमा. पाऊस बेभरवशाचा, भुईमुगावर आणि शेळ्या-मेंढ्यांवर चालणारी वस्ती, पाच-दहा घरांपासून पन्नास घरांपर्यंतचे पाडे. अशा ठिकाणी आतली शाळा कितीही सुंदर असली तरी फाटकाबाहेर पाऊल टाकले की प्रश्न पडणारच. संस्थेने गावातल्या मुलांसाठी ग्रामीण शिक्षण केंद्र काढले. ऐंशीच्या दशकात पद्मनाभ राव आणि रमा हे तरुण जोडपे या कामात आले आणि शाळेच्या संचालक राधिका हर्झबर्गर यांनी त्यांना मोकळीक दिली. काळही अनुकूल होता. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, १९८७ पासून 'खडू-फळा मोहीम' सुरू झाली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक. आमच्या शाळेतली दुसरी खोली त्याच योजनेतली, आणि खरे सांगायचे तर दुसरी शिक्षिका म्हणून मीही त्याच धोरणाचे देणे.

खोऱ्याभोवतीच्या पाड्यांवर ऋषी व्हॅलीने छोट्या शाळा काढायला सुरुवात केली. ग्रहाभोवती उपग्रह तशा या उपशाळा. त्यांची संख्या कधी फार वाढली नाही. डझन-दीड डझनाच्या आसपासच राहिली. शिक्षक त्याच गावांतले. शाळा शिकलेले, पण डीएड वगैरे न झालेले तरुण-तरुणी. एक शिक्षक, एक खोली, भोवती झाडे, आणि आत पाच ते अकरा वयाची सगळी मुले.

मला विचाराल तर संस्थेच्या इतिहासातली खरी घटना इथे घडली, आणि तिला कुठलीही नेमकी तारीख नाही. अशा शाळेला सरकारी आणि बिनसरकारी जग 'अपुरी शाळा' म्हणत होते. शिक्षक वाढवा, खोल्या वाढवा, मग प्रत्येक इयत्ता वेगळी होईल आणि खरे शिकवणे सुरू होईल, असा सगळ्यांचा समज. पद्मनाभ आणि रमा यांनी उलटा विचार केला. पाड्यावर मुले तीसच असणार, शिक्षक एकच असणार, मेंढ्या चारायला किंवा शेंगा काढायला पोरे आठवडा-आठवडा गायब होणार. हे बदलायची वाट बघण्यात पिढी जाईल. मग अडचण नेमकी कुठे आहे? एक सात वर्षांची मुलगी आणि एक नऊ वर्षांचा मुलगा शेजारी बसल्याने काही बिघडत नाही. घरी, शेतात, अंगणात ती तशीच असतात. बिघडते ते पाठ्यपुस्तकामुळे. पुस्तक धरून चालते की सगळी मुले एकाच वयाची आहेत, जूनमध्ये पहिल्या पानावर आहेत, रोज हजर आहेत आणि एकाच वेगाने पुढे सरकणार आहेत. चार पुस्तकांची चार घोडी चार दिशांना आणि लगाम धरणारा एक. त्यांनी पुस्तकच फोडले.

म्हणजे अक्षरशः सुटे केले. पहिली ते चौथीच्या भाषेचे आणि गणिताचे छोटे छोटे टप्पे पाडले. एका टप्प्यात एक गोष्ट: अमुक सहा अक्षरे ओळखणे, किंवा हातच्याची बेरीज. प्रत्येक टप्प्यात कृतींची साखळी. आधी ओळख, मग सराव, मग पडताळा. पडताळ्यात अडखळले तर वेगळी उजळणी, सहज पार पडले तर थोडे जास्तीचे. प्रत्येक कृतीचे एक कार्ड. प्रत्येक कार्डावर एक चित्र आणि एक आकडा. आणि भिंतीवर या सगळ्या टप्प्यांचा एक उभा नकाशा, तीच शिडी. न वाचता येणाऱ्या मुलालाही ती वाचता यावी म्हणून तिच्यावर अक्षरांऐवजी चित्रे.

आता एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. मुलगी येते, चप्पल काढते, भिंतीशी जाते. काल आपण कोणत्या चित्रापाशी थांबलो होतो ते बोटाने शोधते. मांडणीवर त्याच चित्राचा गठ्ठा, त्यातले पुढच्या आकड्याचे कार्ड काढते. सतरंजीवर चार गटांच्या जागा ठरलेल्या: एका जागी शिक्षक स्वतः बसलेले, दुसऱ्या जागी शिक्षकांची अधूनमधून मदत, तिसऱ्या जागी मुलेच एकमेकांना मदत करणारी, चौथ्या जागी प्रत्येकाचे आपापले काम. कार्डावरचे चित्रच सांगते की आज तू कुठे बसायचे. नवीन अक्षर शिकायचे असेल तर शिक्षकांपाशी. कालच्या अक्षराचा खेळ असेल तर मुलांच्या गटात. म्हणजे शिक्षकांभोवती एका वेळी सात-आठच मुले असतात, आणि ती एका इयत्तेची नसतात. नव्याने काही शिकणारी असतात. बाकीची दुर्लक्षित नसतात, त्यांच्या हातात काम असते. शेंगा काढायला पंधरा दिवस गेलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याचे काहीही 'बुडालेले' नसते. त्याची पायरी जिथल्या तिथे त्याची वाट बघत असते.

या पद्धतीबद्दल वाचताना मी पहिल्यांदा थांबले ते या पंधरा दिवसांपाशी. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेली मुले फेब्रुवारी-मार्चमध्ये परत यायची, आणि आम्ही त्यांना मागच्या रांगेत बसवून म्हणायचो, "आता काय, पुढच्या वर्षी बघू."

कल्पना तशी आकाशातून पडलेली नव्हती. माँटेसरीच्या बालमंदिरात तीन-तीन वर्षांच्या अंतराची मुले एकत्र असतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. कारण साधे: धाकट्याला कडेवर घेऊन हिंडणारी आठ वर्षांची ताई त्याच्याशिवाय शाळेत येणारच नाही. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेलने अठराव्या शतकाच्या शेवटी मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतले आणि 'मद्रास पद्धत' या नावाने ती विलायतेला नेली, तीही इथल्या गावठी शाळेत धुळीवर बोटाने अक्षरे काढणारी पोरे बघून. पंतोजींच्या शाळेला तरी कुठे इयत्ता होत्या? एक मोडी गिरवतोय, दुसरा पावकी-निमकी घोकतोय. कप्पे पाडले ते सरकारी खात्याने. डिप्टीसाहेब वर्षातून एकदा परीक्षा घ्यायला येणार, त्यांना इयत्तावार रांगा हव्यात. पुढे डिप्टी गेले, रांगा राहिल्या.

बेलच्या पद्धतीत आणि या खोऱ्यातल्या पद्धतीत एक फरक मात्र मोठा आहे. तिथे मोठा मुलगा मॉनिटर, शेकडो मुलांच्या शाळेत देखरेख करणारा स्वस्तातला शिक्षक. इथे शेजारी बसलेली मुलगी दोन पायऱ्या पुढे आहे म्हणून सांगते, आणि गणितात कदाचित तीच दोन पायऱ्या मागे असते.

कार्डांचा मजकूर शहरातून आणलेला नव्हता. शिक्षकांनी गावातल्या आया-आज्यांकडून गोष्टी, कोडी, गाणी गोळा केली आणि ती वाचनाच्या कार्डांवर घातली. कळसूत्री बाहुल्यांचे खेळ झाले. 'मेट्रिक मेळा' हा त्यांचा उपक्रम मला सगळ्यात आवडला. मुले गावात चक्क बाजार मांडतात. तागडी, मापे, फूटपट्ट्या घेऊन बसतात. गाववाल्यांची उंची मोजतात, वजन करतात, भाजी तोलतात, हिशेब करतात. जिथे अर्धे गाव अजून वीत, हात आणि मूठ यांनीच मोजत होते, तिथे लिटर-किलो शिकवायची ही जागा. यात पोरांना गणित येते आणि आईबापांना शाळा कळते. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण शिक्षक फळ्यासमोर उभा नाही आणि पोरे जमिनीवर पत्ते मांडून बसली आहेत, हे दृश्य बघून कुठल्याही पालकाला पहिला प्रश्न पडतो: शिकवणार कधी?

नव्वदच्या दशकात हे सगळे साहित्य एका पेटीत बसवले गेले आणि 'पेटीतली शाळा' हे नाव त्याला चिकटले. संस्थेच्या या विभागाने स्वतःचे नाव इंग्रजी आद्याक्षरांतून 'रिव्हर' असे घेतले. पाऊस बेभरवशाचा असलेल्या प्रदेशात हे नाव! पद्धतीला मात्र त्यांनी रुक्ष नाव दिले, 'बहुवर्ग-बहुस्तर'. त्यातला 'बहुस्तर' हा शब्द महत्त्वाचा. एकाच इयत्तेतली तीस मुलेही एका पातळीवर नसतात, हे त्यात कबूल केले आहे. म्हणजे ही युक्ती फक्त गरीब पाड्यापुरती उरत नाही.

१९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातले शिक्षक हे बघायला खोऱ्यात आले. जंगलाकाठचा तालुका, आदिवासी वस्ती, काबिनी धरणाचे पाणी. शिक्षकांनी पद्धत पाहिली, पण पेटी उचलून नेली नाही. परत जाऊन स्वतःच्या कन्नडात, स्वतःच्या मुलांसाठी त्यांनी स्वतः कार्डे लिहिली. युनिसेफने पाठबळ दिले. नाव पडले 'नली-कली': आनंदाने नाचत-बागडत शीक. या घडामोडींत सनदी अधिकारी अनिता कौल यांचा मोठा वाटा होता. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या घडणीतही त्या होत्या. एच. डी. कोट्यातले हे दिवस ज्या शिक्षकांनी अनुभवले त्यांच्याबद्दल मला सरळ हेवा वाटतो. रात्री बसून कार्डे रंगवणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात ते कार्ड मुलाच्या हातात देतो, तेव्हा ते चालले की नाही हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

मग बदल्या झाल्या. घडवणारे शिक्षक पांगले, साहित्य जीर्ण झाले, नवीन शिक्षकांना त्या चित्रांमागचा विचार ठाऊक नव्हता. २००९-१० पासून नली-कली पहिली-दुसरीसाठी, आणि मग तिसरीसाठी, कर्नाटकातल्या कन्नड सरकारी शाळांत राज्यभर आली. या वेळी कार्डे छापखान्यातून आली, सगळीकडे एकसारखी. सीमेवरच्या त्या मैत्रिणीने मला काही कार्डे पाठवली होती, ती यातलीच. रंग सुरेख, कागद चांगला.

तमिळनाडूची चाल याहून वेगवान. चेन्नई महापालिकेचे आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी २००३ मध्ये महापालिकेच्या तेरा शाळांतून सुरुवात केली. शिक्षकांना ऋषी व्हॅलीला पाठवले. शहरातली शाळा, दाटीवाटीची वस्ती. पाड्याशी काही संबंध नाही. तरी पद्धत रुजली. भिंतीच्या खालच्या भागात मुलांच्या हाताला लागतील असे फळे, प्रत्येकाला आपला तुकडा. खुर्च्या गेल्या, बाई सतरंजीवर बसल्या. चार वर्षांत, २००७-०८ मध्ये, ही पद्धत राज्यातल्या सदतीस हजारांच्या घरातल्या प्राथमिक शाळांत एकदम लागू झाली. गुजरातेत २०१० मध्ये 'प्रज्ञा' सुरू झाले, छत्तीसगडनेही बहुवर्ग-बहुस्तर पद्धत घेतली. डझनभर पाड्यांत घडलेली गोष्ट इतक्या शाळांपर्यंत गेल्याचे दुसरे उदाहरण मला आपल्या देशात पटकन आठवत नाही.

आणि इथेच ती पातळ झाली. आदेशाने आलेल्या कार्डांची कपाटे कुलपात राहू लागली, कारण कार्ड हरवले तर भरपाई शिक्षकाची. फाटलेल्या कार्डाच्या जागी नवे यायला सहा महिने. काही ठिकाणी शिडी हाच नवा अभ्यासक्रम झाला: मूल किती पायऱ्या चढले याची नोंद चोख, पण बाईंनी सगळ्यांना जवळ घेऊन गोष्ट सांगितली असा दिवस नाही. मुले कार्डाशी बोलायची, एकमेकांशी कमी. मागे पडलेले मूल मागेच राहिले तरी गोंगाट होत नसल्याने कुणाच्या लक्षात येत नसे. हे आक्षेप खरे आहेत. तमिळनाडूने पुढे पद्धत सोपी केली, मग पाठ्यपुस्तके परत आणली. गंमत म्हणजे २०२२ मध्ये, करोनाने दोन वर्षे खाल्ल्यावर, त्याच राज्याने 'एण्णुम् एळुत्तुम्' म्हणजे अंक आणि अक्षर ही योजना काढली आणि पहिली ते तिसरीच्या मुलांना कळी, उमलती कळी आणि फूल अशा पातळ्यांत बसवले.

एक गोष्ट मात्र या आक्षेपांत फारशी ऐकू येत नाही, ती संख्येची. सतरंजीवर चार गट करायचे तर प्रत्येक गटात पाच-सात मुले हवीत. एकूण वीस-पंचवीस, फार तर तीस-पस्तीस. पन्नास झाली की शिक्षकांच्या गटातच वीस मुले बसतात आणि तो पुन्हा नेहमीचा वर्ग होतो. आठ मुले असली तर मुलांचा गट होतच नाही, प्रत्येक जण आपल्या पायरीवर एकटा. म्हणजे ही पद्धत खोऱ्यातल्या त्या पाड्यांच्या मापाने शिवलेला सदरा होता. तो पंचेचाळीस मुलांच्या वर्गाला घालायचा आणि उसवला की शिंप्याला बोल लावायचा, हे बरोबर नाही.

वर्ग लहान असावा हे सगळेच म्हणतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ऐंशीच्या आसपास शाळांमध्ये बालवर्ग ते तिसरीची मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून पाहिली: काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ चे. लहान वर्गातली मुले वाचनात आणि गणितात पुढे राहिली, आणि गरीब मुलांना फायदा अधिक झाला. त्यांचा 'मोठा' वर्ग बावीस मुलांचा, हे वाचून मी आणि गुरुजी खूप हसलो होतो. पण तिथली सगळी मुले एका वयाची, एका पुस्तकावरची. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, असा हिशेब आहे. कागदावर तीसला एक. पण साठ मुले आणि दोन शिक्षक म्हणजे पाच इयत्तांना दोन माणसे, हे त्याच तक्त्यात दडलेले आहे. कायद्यानेच बहुवर्ग शाळा हा नियम केला, आणि प्रशिक्षण, पुस्तके, परीक्षा मात्र एकवर्गाच्या राहिल्या. 'असर' या ग्रामीण शिक्षण सर्वेक्षणाच्या पाहण्या वर्षानुवर्षे दाखवत आल्या आहेत की ग्रामीण भारतात निम्म्याहून अधिक शाळांत दुसरीची मुले दुसऱ्या कुठल्या तरी इयत्तेबरोबर बसलेली असतात. अपवाद म्हणून ज्याच्याकडे बघितले जाते, तीच आपली नेहमीची शाळा आहे.

खुद्द आंध्रात २०२२ मध्ये सरकारने ११७ क्रमांकाचा आदेश काढून तिसरी ते पाचवीचे वर्ग जवळच्या हायस्कुलांना जोडायला घेतले. नंतरच्या सरकारने तो मागे घेतला आणि 'एका वर्गाला एक शिक्षक' अशा आदर्श शाळांचा मार्ग धरला. महाराष्ट्रात विसाहून कमी पटाच्या शाळा साडेचौदा हजारांवर निघाल्या, आणि २०२३ मध्ये समूहशाळांचा प्रस्ताव आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दाखवण्यात आली. मुलांना बसने एकत्र आणा, मग प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल. आठ-दहा पटाच्या शाळेबद्दल मी वर जे म्हटले ते पाहता या प्रस्तावात अगदीच तथ्य नाही असे मला म्हणता येत नाही. पण सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून बसथांब्याला कशी येणार, आणि बस बंद पडली त्या दिवशी काय, हे प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी एकदा जुलै महिन्यात बघावे. आणि पंचवीस-तीस पटाच्या द्विशिक्षकी शाळांचे काय? त्या तर हजारोंनी राहणारच आहेत. त्यांच्यासाठी कुणी पुस्तक फोडणार आहे का?

मी थोडेसे फोडून पाहिले होते. मैत्रिणीने पाठवलेली कन्नड कार्डे मला वाचता येत नव्हती, पण चित्रे कळत होती. गुरुजी आधी हसले, मग त्यांनीच गावातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा गोळा करून आणला. त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही पहिली-दुसरीच्या भाषेची कार्डे लिहिली. व्हरांड्याच्या भिंतीवर गेरूने शिडी काढली: मुंगी, चिमणी, शेळी, बैल, हत्ती. दोन महिन्यांनी पहिलीतला एक पोरगा शेळीवर होता आणि दुसरीतली एक मुलगी चिमणीवर, आणि दोघांनाही त्याचे काही वाटत नव्हते. वाटले ते तिच्या बापाला. तो म्हणाला, "बाई, दुसरीतली पोर चिमणीवर कशी?" मी त्याला शिडी दाखवली. त्याने ती वरपासून खालपर्यंत नीट पाहिली आणि विचारले, "मग हत्तीवर कधी जाईल?" आधी त्याने कधी एवढा नेमका प्रश्न विचारला नव्हता.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी वर्गात पाऊल टाकून विचारले, "यातली दुसरी कुठली?" मी मुलांना हात वर करायला सांगितले. चारही गटांतून हात वर आले. साहेबांनी शेरा लिहिला: वर्गवार बैठकव्यवस्था असावी. गुरुजी म्हणाले, "शेऱ्याचं मी बघतो, तुम्ही चालू ठेवा." चालूही राहिले, दीड वर्ष. मग एका पावसाळ्यात कौले गळून मांडणीतली निम्मी कार्डे लगद्यासारखी झाली. उन्हाळ्यात माझी बदली झाली. नंतर शाळेला रंग लागला, 'बोलक्या भिंती' आल्या, त्यात व्हरांड्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढला गेला.

उरलेल्यांतली काही कार्डे माझ्याकडे आहेत. परवा नातीला दाखवत होते. एका बाजूला हत्ती, सातचा आकडा, आणि माझ्या अक्षरात: 'शेजारच्या मित्राला ही गोष्ट वाचून दाखव.' तिने कार्ड उलटले आणि मागचे मोठ्याने वाचायला लागली, श्री गजानन प्रसन्न, चि. सौ. कां. अमकी हिचा शुभविवाह, वैशाख शुद्ध तृतीया, मुहूर्त दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटे. मग विचारले, "आजी, गोष्ट कुठाय?" गोष्ट वेगळ्या कार्डावर होती. ते भिजलेल्यांत गेले.